पोटभर बघून घे

“शहर पायीच बघायचं असतं,” मानसिंगराव म्हणाले, आणि सात वर्षांच्या अक्काचं बोट धरून राजवाड्याच्या दिशेनं निघून गेले. राजाबाई धमणीत बसून राहिली.

गाडीचे बैल सोडलेले होते. चारी बाजूंनी जाड पडदे, वर तापलेलं छत. इंदूर दाखवतो, असं त्यांनी देवासला कबूल केलं होतं. कुणाला दाखवणार, ते सांगितलं नव्हतं. नणंदेचं लग्न काल आटोपलं, उद्या पहाटे परत निघायचं. म्हणजे तिचं इंदूर ते एवढंच, या लिंबाखाली.

पडद्याखाली चार बोटं फट होती. ती कुशीवर झाली आणि तिथं डोळा लावला. नुसते पाय दिसत होते. जोडे घातलेले, अनवाणी, एक उंटाचा. एका बाईच्या टाचांना भेगा होत्या, घोट्यात चांदीची जड कडी. ती बाई थांबली, कुणाशी तरी हसली आणि वाटेल तिकडे निघून गेली. राजाबाईनं ओठ चावला.

“बाईसाहेब,” बाहेर पाठ करून बसलेला म्हातारा गाडीवान मानाजी म्हणाला, “पडदा हलतोय. कुणी विचारलं तर वारा म्हणू का?”

“वारा आहे कुठं?”

“तेच तर.”

राग स्वतःपुरता होता. लेकीच्या बाबतीत तिला उलट बरं वाटत होतं. अक्षय्यतृतीया चार दिवसांवर आली होती आणि त्या दिवसापासून नातीला पडद्यात बसवायचं, असं सासूबाईंनी होळीलाच काढलं होतं. मानसिंगराव तेव्हा “बघू” म्हणाले होते. त्या एका “बघू”वर राजाबाईनं आजपर्यंतचे दिवस काढले होते. आणि आज तर त्यांनी पोरीला उघड्या तोंडानं भर बाजारात नेलं होतं. असं हिंडवणारा बाप कोंडेल कशाला?

दुपारी अक्का पाणी प्यायला आली. पडद्यातून नुसतं डोकं आत घातलं, तोंडाला जिलबीचा पाक. “आई, राजवाड्याला सात मजले आहेत, मी मोजले. हलवाई मला म्हणाला, ‘और लोगी, बाई?’ मला बाई म्हणाला!” आणि गेलीसुद्धा. जिलबी आईसाठी आणायची कुणाला सुचली नव्हती.

ऊन कललं तेव्हा ती दोघं परत आली. फटीतून राजाबाईला आधी अक्काचे पाय दिसले. नवे जोडे हातात असणार, कारण पाय अनवाणी होते, गुडघ्यापर्यंत धुळीचे, उजव्या करंगळीवर फोड आलेला. राजाबाईनं फटीतून हात घालून तो अलगद चाचपला.

“दुखतंय?”

“नाही. आम्ही नदीच्या पुलावर गेलो, गिरणीपर्यंत गेलो. मी म्हटलं, आता पुरे, पाय दुखतात. तर आबासाहेब म्हणाले, ‘चल अजून. पोटभर बघून घे.’”

राजाबाईचा हात फोडावरच थांबला.

तिच्या वडिलांनीही धारला तिला असंच हिंडवलं होतं. ती आठ वर्षांची होती. बाजार, तलाव, कालिकेचं देऊळ. साखरेच्या गाठी घेऊन दिल्या आणि म्हणाले, “पोटभर बघून घे, बाळ.” त्या दिवसाची गोष्ट तिनं अक्काला शंभरदा तरी सांगितली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ कधी सांगितली नव्हती.

“अक्षय्यतृतीया ठरवलीत?” तिनं पडद्याआडून विचारलं.

मानसिंगरावांनी घसा साफ केला. “आईसाहेबांचा शब्द आहे.”

“मग हा दिवस कशाला?”

“कशाला म्हणजे? तुम्हीच तर सांगत असता, वडिलांनी तुम्हाला धार दाखवलं म्हणून. डोळ्यांत पाणी येतं तुमच्या. म्हटलं, हिलाही आयुष्यभर पुरेल असं काही असावं. मी तर इंदूर दाखवलं.” त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

राजाबाईला त्यांच्याहून स्वतःचा जास्त संताप आला. शंभरदा सांगितली होती आपण ती गोष्ट. गोड करून.

“चला, उशीर होतोय,” ते म्हणाले. “मानाजी, पाणी आण. हिचे पाय धुऊन आत बसव.”

“पाय धुवायचे नाहीत,” राजाबाई म्हणाली.

मानाजी लोटा घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं मालकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“गादी मळेल,” मानसिंगराव म्हणाले.

“मळू दे. आणि अक्षय्यतृतीयेला ती बसणार नाही. सासूबाईंना मी सांगेन. माझ्या तोंडून ऐकायचं नसेल, तर तुम्ही सांगा.”

“हळू बोला. रस्ता आहे हा.”

“माहीत आहे मला. सकाळपासून तोच बघतेय.”

पडद्याचं टोक वर झालं. खालून एक पाऊल बाहेर आलं. गोरं, मऊ, टाच बाळासारखी, बोटांत जोडवी. ते अधांतरी जरा चाचपडलं आणि धुळीत टेकलं. धूळ अजून गरम होती.

मानसिंगराव झटकन आडवे उभे राहिले, अंगरख्याचा घेर पसरून. “आत घ्या. लोक बघताहेत.”

“बघू देत. मी दिवसभर हजार पाय बघितले. एकाचंही घराणं कळलं नाही.”

मानाजीनं लोट्यातलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

अक्का खाली बसली. आईच्या पावलाशेजारी तिनं आपलं मळकं पाऊल ठेवलं, दोन्ही नीट पाहिली आणि पडद्याकडे मान वर करून म्हणाली, “आई, आता दुसरा पाय.”