वाक्यात उपयोग

श्यामलाबाईंनी पुठ्ठ्याचे तीन तुकडे टेबलावर मांडले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. "म्हणा, 'अन'."

त्यांचे यजमान, दिगंबरपंत, खिडकीबाहेर पाहत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकली होती.

"अहो, इकडे बघा. गादी काही पळून जात नाही."

एरवी अशा वाक्याची पंतांनी व्याजासकट परतफेड केली असती. नारायण पेठेत त्यांच्या जिभेची ख्यातीच तशी होती. भाजीवाला त्यांना लांबून पाहूनच शिळ्या जुड्या आपणहून मागे सारायचा. पण दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू ताळ्यावर आले, जीभ मात्र बसली ती बसलीच. त्यांना सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. ज्या टोमण्यांना श्यामलाबाई जन्मभर वैतागल्या, ते आता कधीच कानावर येणार नाहीत की काय, या धास्तीनं त्यांचीच झोप उडाली होती.

वाचेचे व्यायाम घ्यायला सलोनी नावाची मुलगी यायची. "काकांच्या कानावर आयुष्यभर जे पडलंय ना काकू, तिथून सुरुवात करा," असं ती सांगून गेली होती. बाईंनी आरत्या म्हणून पाहिल्या, श्लोक म्हणून पाहिले. पंतांनी फक्त मान डोलावली. मग आज दुपारी भांडी लावता लावता बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाच्या कानावर इतकी वर्षं पडलं काय? तर बाहेरच्या खोलीतली आपली इंग्रजीची शिकवणी! पोरांनी लांबलचक शब्दांना घाबरू नये म्हणून बाई शब्दाचे तुकडे करायच्या. मधे मूळ शब्द, पुढे एक शेंडी, मागे एक शेपूट. एकेक तुकडा पुठ्ठ्यावर लिहिलेला. पोरं ते जोडत बसायची आणि आतल्या खोलीत पंत पेपराआडून नाक मुरडायचे. बाईंनी लगेच माळ्यावरचा डबा खाली काढला होता.

"चला. 'अन' म्हणजे नाही. अनहॅपी, अनफेअर. म्हणा."

पंतांचे ओठ हलले. आणि मग स्पष्ट आवाज आला. "अन."

बाई पुढे सरकल्या. पण त्यांनी शाब्बास म्हटलं नाही. शाब्बास म्हटलं की पोरं तिथेच थांबतात, हा त्यांचा जुना अनुभव होता.

"पुढचा. 'बेअर'. म्हणजे सोसणं."

"बे..." पंत म्हणाले. "बे... बे..."

"एके बे नको हं!"

पंत हसले. नुसते ओठांनी नाही, चांगलं आवाज करून हसले. बाईही हसल्या, आणि त्या हसण्याच्या भरातच "बेअर" बाहेर पडला. शेवटचा "एबल" तर फारसा अडलाही नाही.

"'एबल' म्हणजे जोगं. खाण्याजोगं, बघण्याजोगं, तसं." बाईंनी बोटानं तिन्ही तुकडे एकमेकांना चिकटवले. "आता एका दमात. अनबेअरेबल. सोसण्याजोगं नाही ते."

इथे मात्र गाडं अडलं. एकदा मागचं पुढे आलं, एकदा मधलंच गळालं. तिसऱ्यांदा पंतांनी संतापून टेबलावर हात मारला आणि पुठ्ठे जमिनीवर उडवून दिले.

डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत म्हणून बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा ठेवला. डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे साखर नाही, दूध नावाला. रडू आवरेपर्यंत तो जरा जास्तच उकळला.

कप घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा तिन्ही पुठ्ठे टेबलावर होते. पंतांनी ते स्वतःच उचलले होते आणि अजून नीट न वळणाऱ्या उजव्या हातानं ओळीत लावले होते. अगदी बरोबर लावले होते.

बाईंनी कप त्यांच्यापुढे ठेवला. पंतांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. पुठ्ठ्यांकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं.

"अन," ते म्हणाले. थांबले. दम घेतला. "अनबेअरेबल."

सबंध शब्द! बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. जन्मभराची सवय तेवढी तोंडातून बाहेर पडली.

"वाक्यात उपयोग करा."

पंतांनी कप दोन बोटांनी त्यांच्याकडे सरकवला.

"तुझा... चहा."

श्यामलाबाईंना हसावं की रडावं कळेना; त्यांनी दोन्ही केलं. दुसऱ्याच मिनिटाला त्या वारज्याला मुलाला फोन लावत होत्या.

"अवधूत! अरे, बाबांनी माझ्या चहाला नावं ठेवली!"

आपण ऑफिसात आहोत हे विसरून अवधूत ओरडला, "काय सांगतेस आई! बोलले? मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार?" पदरानं डोळे पुसत बाईंनी गॅस पेटवला. "आणखी एक कप ठेवतेय. तसलाच. बघू आता काय म्हणतात!"