नावानं हाक

लाल-पांढऱ्या कमानींचा फोटो काढायला शैलाताईंनी जेमतेम मान वर केली, तेवढ्यात शेजारी उभे असलेले दिगंबरराव दिसेनासे झाले. कोर्दोबाच्या त्या जुन्या मशिदीत जिकडे पाहावं तिकडे खांबच खांब, आणि सगळे एकसारखे.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवताना नवऱ्यानं फळ्यावर काढलेल्या या कमानी त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवायच्या, म्हणून त्या हट्टानं इथवर आल्या होत्या. हल्ली दिगंबररावांना मुलाचं नावही आठवत नसे.

“अहो!” त्या ओरडल्या. सहलीतल्या तीन-चार नवऱ्यांनी एकदम वळून पाहिलं. त्यांत आपले नव्हते.

त्या एकेका खांबामागे डोकावत राहिल्या. शेवटी त्यांनी लाज सोडली आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं. “दिगंबर! दिगंबर!”

एका खांबाआडून ओळखीची टोपी डोकावली आणि झटकन मागे गेली. शैलाताई धावल्या. दिगंबरराव खांबाला पाठ लावून, अंग चोरून उभे होते. त्यांच्या नजरेत ओळख नव्हती.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी बायकोचं मनगट गच्च धरलं.

“कुठे होतीस गं? चल इथून लवकर,” ते तिच्या कानाशी कुजबुजले. “कुणीतरी बाई मला नावानं हाका मारतेय.”