नववं घर

आज सकाळपासूनचं हे नववं घर. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टसाठी घरोघरी चौकशी करणाऱ्या कुमुदताईंचे पाय भरून आले होते. चादरीखाली झाकलेले टीव्ही आणि फ्रिज हलवल्याचे चौकोनी डाग बघून बघून आता कुणाचंच काही खरं वाटेनासं झालं होतं.

इथे मात्र दहा बाय दहाच्या खोलीत मखमली सोफा! ‘निदान लपवला तरी नाही,’ असं पुटपुटत त्या त्यावर बसल्या आणि फॉर्मवर ‘सोफा’ लिहून मोकळ्या झाल्या. सोफा असलेल्या घराला ट्रस्ट मदत करत नसे. या घरातल्या मुलीचा अर्ज बाद.

मुलीची आई चहा घेऊन आली. मायलेकी मात्र भिंतीशी उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. “झालं का गं? आमचा सोफा पाठव बाई. हे कामावरून आले की त्यावरच आडवे होतात.”

आई ओशाळली. “ट्रस्टमधून कुणी येणार म्हणून मागून आणला, ताई. तुम्हाला जमिनीवर कसं बसवायचं?”

कुमुदताईंनी ‘सोफा’वर काट मारली, कपबशी उचलली आणि फरशीवर मांडी घातली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना कुठेतरी टेकल्यासारखं वाटलं.