बकुळीचा पासवर्ड

१९९९ची भर दुपार. शिरूरच्या नव्या इंटरनेट केंद्रात शिरीन सर्व्हरला पासवर्ड लावत होती. मोडेमला जोडायची फोनची वायर अजून मालकांच्या, संपतमामांच्या, हातातच होती.

तरी पडद्यावर ओळ उमटली: पासवर्ड चुकला. मग पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच.

शिरीननं सर्व्हरची नोंद उघडून पाहिली. बाहेरून कुणीतरी दर वेळी एकच शब्द टाकत होतं: बकुळी.

"मामा, बकुळी कोण?"

"माझी बायको, कस्तुरा. मी एकटाच तिला तसं म्हणायचो. तिला जाऊन बारा वर्सं झाली की, पोरी."

शिरीनला राहवेना. तिनं तोच शब्द पासवर्ड म्हणून लावला.

मोडेम किरकिरला. जोडणीचा हिरवा दिवा लागला.

मामांनी हातातल्या वायरकडं पाहिलं.

"तिला हितला नंबर कुणी दिला?"