कानामागची टिकली

मनाला विश्रांती म्हणून हेमांगीने आज रजा घेतली होती. कानामागची टिकली सकाळपासून तिच्या मनाची शांतता मोजून ऑफिसला कळवत होती.

"घरीच आहेस तर कुरडयांचा चीक शिजव," सासूबाई म्हणाल्या.

"घरीच आहेस तर गॅसवाल्याकडे बघ," म्हणत नवरा सोफ्यावर लवंडला. तोही रजेवरच होता.

दुपारी ऑफिसातून फोन आला. "मॅडम, तुमचं मन फक्त अकरा मिनिटं शांत होतं. रजा रद्द. इथे तुम्ही जास्त शांत असता."

"मग माझ्या घरी येऊन शांत राहून दाखवा!" हेमांगी कडाडली. तिने टिकली उपटली आणि घोरणाऱ्या नवऱ्याच्या कानामागे चिकटवली.

"वा मॅडम! आता रजा मंजूर."

"हेमांगी, घरीच आहेस ना?" आतून हाक आली.

"नाही!" म्हणत तिने चपला घातल्या.