लिंबोणीपर्यंतची वाट

हे सांगितलं तर माधव नगरात कुणी खरं मानणार नाही, पण पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद बागेला पाला किती लागेल, याचा हिशेब भय्यासाहेब सकाळच्या चहापासून करत होते आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी तो सुटला नव्हता. माणूस साधा नव्हे. पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांचं ऐकलं तर माळव्यातलं अर्धं पाणी त्यांना विचारूनच वाहत आलं होतं.

विजयाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. नळ दिवसाआड यायचा, तोही अर्धा तास. आई गेल्यावर धारच्या माहेरून त्यांनी मोगऱ्याची सहा रोपं आणली होती. तीन मागच्या उन्हाळ्यात जळाली. उरलेल्या तिन्हींच्या मुळांवर आता जाड पाला पडला नाही, तर हा वैशाख त्यांनाही नेणार होता. ओल धरून ठेवायची, एवढंच काम. पण ते भय्यासाहेबांच्या हाती लागलं होतं.

शेजारचा शैलेंद्र फाटकाशी स्कूटर चालू ठेवूनच उभा होता. रामघाटाजवळच्या एका देवळातलं सुकलेलं निर्माल्य, बेल आणि झेंडू, पोत्यांनी मिळणार होतं. फक्त कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून टेंपोवाल्याला पोत्यांचा आकडा कळवायचा होता.

"काकाजी, किती बोरे सांगू? तो निघून जाईल."

"पाव किलो जिलेबी आहे का ती, सांगून टाकायला?" भय्यासाहेबांनी टेपचं टोक अंगठ्याने दाबलं. "पाला बसतो. आज आठ बोटं घातला, तर आठवड्यात चारच बोटं राहतो. त्यात निर्माल्य. पाय लागता कामा नये. म्हणजे आधी वाटा वजा करायला हव्यात."

वाटा वजा होऊ लागल्या. नळाची. तुळशीची. कपड्यांच्या दोरीची. केबलवाला तार ओढायला आलाच, तर त्याची. प्रत्येक वाट ऐसपैस धरलेली, कारण माणूस चालता चालता वळतो. शेवटी चुन्याच्या रेघांमध्ये पाटाएवढी जमीन उरली.

"एक थैली पुरे," भय्यासाहेब समाधानाने म्हणाले.

"आणि मोगरा?"

"तो तुळशीच्या वाटेत गेला."

"अहो, बाग वाचवायची आहे की इथून वरात काढायची आहे?"

"घाईने कामं बिघडतात. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण ग्वाल्हेरला आमच्या मामांच्या बागेत गुडघाभर निर्माल्य असायचं. माळी आंब्याच्या झोक्यावर बसून पाणी घालायचा. जाताना गुलाब, येताना शेवंती. सात वर्षं त्याचा पाय जमिनीला लागला नाही."

"जेवायचा कुठे?" शैलेंद्रने विचारलं.

"झोक्यावरच. मामींचा नेम चांगला होता."

शैलेंद्रने स्कूटर बंद केली. विजयाबाईंना त्याचाच अधिक संताप आला.

"मजाक बाजूला, काकाजी. पक्का आकडा द्या."

"माझं सगळं पक्कंच असतं. चाळीस वर्षांची बिडी यंदा शिवरात्रीला हातात बेल घेऊन सोडली, हिच्यासमोर. पुन्हा शिवलो नाही. सांग, कुणी विश्वास ठेवेल?"

विजयाबाईंनी झोक्याच्या गोष्टीसारखीच हीही ऐकून घेतली. त्यांनी भिंतीलगतच्या जुन्या विटा उचलल्या आणि पायरीपासून टाकत निघाल्या. तुळशीवरून नळाकडे, नळावरून दोरीकडे. चुन्याच्या रेघा त्यांच्या चपलेखाली पुसल्या गेल्या.

"विटांवरून चालायचं. बाकी सगळीकडे पाला. काल मी नमुन्याचं एक पोतं पसरून पाहिलंय, बाळाच्या दुपट्याएवढी जागा झाकते. बागेत अशी सोळा दुपटी बसतात. झाला हिशेब."

भय्यासाहेबांनी एका विटेवर उभं राहून डोलून पाहिलं. हरकत सापडेना. टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "ठीक. पण लिंबोणीची वाट मोकळी राहू दे. आणि झाडामागे माणूस उभा राहील एवढी जागा."

लिंबोणी पार कोपऱ्यात होती, भिंतीपासून हातभर अंतरावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा शेंडाच काय तो दिसायचा.

"तिथे कशाला मोकळी?"

"बुंध्याला पाला चिकटला की बुंधा कुजतो."

"वीतभर सोडू."

"वीतभरात भागत नाही. मला तिथे उभं राहावं लागतं."

"मग तिथेही वीट टाकते."

"वीट नको," भय्यासाहेब घाईने म्हणाले. "भोवती बेल राहील."

शैलेंद्रने किक मारायला उचललेला पाय तसाच राहिला. विजयाबाईंनी एकदा लिंबोणीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"तिथे उभं राहून करता काय?"

"लिंबं तोडतो. तुझ्याच सरबताला."

"खोटं," विजयाबाई म्हणाल्या. "तीन वर्षांत त्या झाडाला लिंबू लागलेलं नाही. शैलेंद्र, बागेला सोळा पोती सांग. लिंबोणीमागे चार बोटं थर आधीच झालाय, बिड्यांच्या थोटकांचा. त्याच्यावर घालायला एक पोतं वेगळं आण. नुसत्या बेलाचं."