हातात बसेल अशी मशीन

गुड्डीने मशीन उचलली, मूठ आवळली आणि मनगट फिरवून पाहिलं. बरोबर बसली. भंडाऱ्याच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात मालक मधुकररावांनी काउंटरवर तीन बॅटरीवाल्या इम्पॅक्ट मशिनी मांडल्या होत्या. त्यातली ही सगळ्यात बुटकी. दिसायला खेळण्यासारखी, पण खटका दाबला की स्क्रू सरळ लाकडात उतरवणारी.

मधुकरराव आधी तिच्या बापाला, कवडूलाच समजावत होते. मशीन घेणारा गडीमाणूस, सोबतची पोरगी आपली बाजार पाहायला आलेली, असा त्यांचा हिशोब. कवडूने त्यांना मध्येच थांबवलं.

"तिले दाखवा. आमच्या घरी मशीन तिलेच समजते."

बापाने परक्या माणसासमोर असं म्हणावं, याचं गुड्डीला एवढं अप्रूप वाटलं की क्षणभर ती काय विचारणार होती तेच विसरली.

कवडू शहापूरला हायवेच्या कडेने टिनाचे शेड उभारायचा, दारं आणि कपाटं बसवून द्यायचा. बारावी झाल्यापासून गुड्डी त्याच्या जोडीला होती. घरची जुनी वायरवाली ड्रिल मोठी खट्याळ. स्क्रू घट्ट बसायला आला की हातालाच पीळ द्यायची. पावसाळ्याच्या तोंडावर शेडची कामं निघाली की गुड्डीचं मनगट सुजायचं. आई हळद लावून द्यायची आणि लावता लावता बापलेक दोघांचाही उद्धार करायची. कवडू दर वर्षी म्हणायचा, नवी घेऊ तेव्हा तुझ्या हाताची घेऊ. ते ऐकून गुड्डीचे कान किटले होते. लग्न जमलं तेव्हा तर तिने आशाच सोडली. आणि आज सकाळी बापाने स्वतःहून गाडी काढली. चाल म्हणाला, इम्पॅक्ट घेऊ, तूच निवड.

लग्न वैशाखात होतं. मुलगा वरठीचा, अंकुश नावाचा, कारखान्यात कामाला. पाहायला आला तेव्हा त्याने तिला काय काय येतं ते विचारलं होतं. तिने शिवण-टिपणाचं काही न सांगता सरळ फिटिंगचं सांगितलं. आई आतून डोळे वटारत होती, पण अंकुश चांगलं आहे म्हणाला. तेवढ्यावर गुड्डीने पुढचा सगळा संसार मनात मांडून टाकला. वरठीत नवी घरं उठत होती. कोणाला कपाट बसवून हवं होतं, कोणाला दाराची कडी. स्वतःची मशीन असली की सासरीही तिचं काम सुटणार नव्हतं. तिला आणखी काही नको होतं.

म्हणून तिने घाई केली नाही. मोठी मशीन ताकदीची होती, पण डोक्याच्या वर हात धरून काम करताना खांदे भरून आले असते. दुसरी हलकी होती, तर तिच्यासोबत बॅटरी एकच. ही तिसरी कपाटाच्या कोपऱ्यात शिरेल एवढी आखूड होती. पुढे दिवे होते, बॅटऱ्या दोन होत्या, खटका हळू दाबला तर हळू फिरत होती. गुड्डीने मधुकररावांच्या फळीत लांब स्क्रू घातला आणि उलटी फिरवून बाहेर काढला. मनगटाला काही कळलंसुद्धा नाही.

कवडूने एकच विचारलं, ही मोठ्या हातात बसेल ना. गुड्डी हसली. बापाला स्वतःच्या पंजाची काळजी पडली असं तिला वाटलं. बसते म्हणाली, बोटं थोडी जवळ घ्यावी लागतील एवढंच.

बिल झालं. कामावर मशिनींची अदलाबदल होते, म्हणून भांड्यांवर टाकतात तसं मधुकरराव मशीनवर नाव कोरून देत. कोरणीची सुई हातात घेऊन त्यांनी नाव काय टाकू म्हणून विचारलं. गुड्डीने तोंड उघडलं, पण कवडू आधी बोलला.

"अंकुश टाका. जावयाले आंदनात द्याची आहे."

गुड्डी बापाकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, मीन तं माह्यासाठी निवडली."

कवडूला राग आला नाही. त्याला खरंच नवल वाटलं.

"तुले कायले आता? तिकडच्या लोकाइनं पहिलेच सांगतलं, सून कामावर फिरनार नाई. मी हो म्हनलो. जावईबापू सुटीच्या दिवशी फिटिंगचं काम धरतो म्हनतेत, वरठीत लय काम आहे म्हने. थेच म्हनले, पोरीलेच निवडू द्या, तिले समजते."

गुड्डीला रडू आलं नाही. राग आला, आणि तो काढायचा कोणावर? बापाच्या चेहऱ्यावर तर लग्नाचं एक काम उरकल्याचं समाधान होतं. मशीन अजून तिच्याच हातात होती. तिने ती काउंटरवर ठेवली.

मधुकररावांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कोरणी कवडूपुढे केली. कवडूला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. त्याने ती गुड्डीच्या हातात दिली, मशीन तिच्यापुढे सरकवली आणि मायेने म्हणाला,

"अक्षर चांगलं काढजो माय. तिकडचे लोक पाहतीन."